चुलीपासून छापखान्यापर्यंत : मराठी खाद्यलेखक घडले कसे?

दिंद्रुड (जि. बीड) इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन



खाद्यलेखन या विषयावर बोलायचं म्हटलं की आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला म्हणजे, अन्न खायचं असतं, त्यावर लिहायचं काय? दुसरा जरा दबक्या आवाजात येतो, की खाण्यावर लिहून पोट भरतं का? दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. आजकाल आपल्या भागातल्या पोरापोरींच्या हातात मोबाईल आहे, भाषा आहे, घरात आजी आहे आणि आजीच्या हाताला चव आहे. तरीही 'खाद्यलेखक' म्हटलं की डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईचा माणूस येतो, दिंद्रुडचा येत नाही. असं का व्हावं?

याचं उत्तर आम्ही इतिहासात शोधणार आहोत. मराठी मुलखात खाण्यावर लिहायला कुणी सुरुवात केली, ते कुठल्या घरातून आले, पदरी काय घेऊन आले, आणि कुणाचं ताट लिहायचं राहून गेलं, हे एकदा नीट बघू. मग आज इथं बसून कुणाला सुरुवात करायची असेल तर वाट आपोआप दिसेल.

राजाची पाकशाळा

सुरुवात राजवाड्यातून होते. सन ११२९च्या सुमाराला कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. आपला हा मुलूख त्या वेळी त्याच राज्यात होता. तेव्हा हा ग्रंथ कुठल्या परक्या देशाचा नाही, आपल्या शेजारचाच आहे. त्यात शंभर अध्याय आहेत, आणि राजानं उपभोग कसे घ्यावेत हे सांगताना अन्नभोगाचं एक प्रकरण आहे. त्यात मांडे आहेत, इडलीची पणजी शोभेल अशी 'इडरिका' आहे, मासे आहेत, नाना तऱ्हांचं मांस आहे. भाजलेले उंदीर आहेत. रक्त आणि आतडी वापरून केलेले मांसाचे प्रकारही आहेत. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

याच ग्रंथात संगीताच्या भागात आणखी एक नोंद सापडते. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओव्या म्हणतात, असं राजा सांगतो. म्हणजे बघा, कांडणारीचं गाणं ग्रंथात आलं, तिनं कांडलेलं धान्य राजाच्या ताटात आलं. घरी गेल्यावर ती स्वतः काय खात होती, त्याला मात्र जागा मिळाली नाही. पुढच्या साडेआठशे वर्षांचा खाद्यलेखनाचा इतिहास या एका नोंदीत दिसतो, असं आम्हाला वाटतं.

यानंतरचा मोठा टप्पा तंजावरचा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिकडे राज्य करत होते. त्यांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ नवहस्त या पंडितानं सतराव्या शतकाच्या अखेरच्या काळात 'भोजनकुतूहल' लिहिलं. ग्रंथ संस्कृतात, पण पदार्थांची मराठी नावं त्यात जागोजाग येतात, कारण लेखक मराठी मुलखातला. पुढे तंजावरच्याच सरफोजीराजांच्या काळातल्या पाकशाळेच्या नोंदी 'शरभेंद्र पाकशास्त्र' म्हणून सरस्वती महाल ग्रंथालयानं छापल्या. त्यात मराठी घरचे पदार्थ आहेत आणि इंग्रजी पद्धतीचेही आहेत.

ही सगळी मंडळी खाद्यलेखनाकडे कशी आली? राजाच्या किंवा राणीच्या पदरी राहून. कागद दरबाराचा, शाई दरबाराची, त्यामुळे ताटही दरबाराचंच.

छापखाना आला

इंग्रजी अमदानीत छापखाना आला आणि आश्रयदाता बदलला. राजाच्या जागी गिऱ्हाईक आलं. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' प्रसिद्ध झालं. मराठीतलं पहिलं छापील पाककृतींचं पुस्तक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. आता हे पुस्तक कोण घेणार? जिच्या शेजारी सासू किंवा आई उभी आहे, तिला पुस्तकाची गरज नव्हती. गरज होती ती शहरात नोकरीसाठी आलेल्या नव्या बिऱ्हाडाला. खाद्यलेखन वाढतं ते माणूस घरापासून लांब गेला की, हे सूत्र इथून पुढे कायम राहतं.

१९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. लक्ष्मीबाई मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातल्या. मासळी, मटण, गोडधोड, सगळं त्यात आहे. एक हजार पाककृती! नुसता आकडा ऐकूनही हात दुखायला लागतो. इथं महत्त्वाची गोष्ट ही, की स्वयंपाकघरात उभी राहणारी बाई स्वतः लेखिका म्हणून पुस्तकावर आली. पण तिच्याजवळ मुंबई होती, शिक्षण होतं, छापखाना हाकेच्या अंतरावर होता.

बाहेरच्या जगातही साधारण हेच चाललं होतं. इंग्लंडात इझाबेला बीटन या तरुणीनं नवऱ्याच्या मासिकातून घरकामावर लिहायला सुरुवात केली आणि १८६१ साली तिचं जाडजूड पुस्तक आलं. त्यातल्या बहुतेक पाककृती तिनं दुसऱ्यांकडून गोळा केलेल्या होत्या. अठ्ठाविसाव्या वर्षी ती वारली, पुस्तक मात्र पिढ्यान्‌पिढ्या चाललं. बंगालात प्रज्ञासुंदरी देवी ठाकूर घराण्यातल्या. त्यांनी मासिक चालवलं आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर पाककृतींचं मोठं पुस्तक काढलं. लंडन घ्या, कलकत्ता घ्या. सुरुवात मासिकातून, आणि मासिक घरात येणाऱ्या वर्गातून.

चौथी शिकलेल्या बाईंचं पुस्तक

या साखळीत एक कडी वेगळी आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या कमलाबाई ओगले. जन्म १९१३चा. शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाक शिकल्या त्या लग्नानंतर, सासूच्या हाताखाली. त्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. करिअर सुरू करायचं वय निघून गेलं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

'रुचिरा'च्या लाखाच्या वर प्रती खपल्या. कमलाबाईंना 'एक लाख सुनांची सासू' म्हणायचे ते उगीच नाही. यश कशात होतं? मोजमापात. त्यांनी प्रमाण दिलं ते वाटी आणि चमच्याचं. नव्या नवरीजवळ तराजू नसतो, पण वाटी असते. वाचणारीच्या ओट्यावर काय आहे याचा विचार त्यांनी लिहिण्याआधी केला. आमच्या मते खाद्यलेखनातला हा फार मोठा धडा आहे. लेखकाला काय येतं यापेक्षा वाचकाच्या हाताशी काय आहे, ते आधी बघायचं.

अन्नावरचं ललित लेखनही बहरलं. पु. ल. देशपांड्यांचा 'माझे खाद्यजीवन' हा लेख तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दुर्गा भागवतांनी 'खमंग' लिहिलं. त्या लोकसाहित्याच्या अभ्यासक, त्यामुळे पदार्थामागची माणसं त्यांना दिसायची.

आणि एक नाव जे सहसा घेतलं जात नाही, ते परशुराम कृष्ण गोडे यांचं. देवरुखचे. १९१९पासून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात क्युरेटर. हा माणूस हस्तलिखितं चाळता चाळता एकेका पदार्थाचा माग काढायचा. जिलबी आपल्याकडे कधीपासून आहे? गोड्यांनी १४५०च्या सुमाराच्या 'प्रियंकरनृपकथा' या जैन ग्रंथातला उल्लेख शोधून दाखवला. 'भोजनकुतूहला'चा काळही त्यांनीच अभ्यासून मांडला. 'आमच्याकडे हे हजारो वर्षांपासून आहे' अशी वाक्यं आपण सर्रास फेकतो. गोडे विचारायचे, पुरावा दाखवा.

आपल्याच ताटावर ही कसोटी लावून बघू. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा. याहून गावरान काय असणार? आता मिरची आणि भुईमूग दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. युरोपी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ते सोळाव्या शतकापासून पुढे आपल्याकडे आले. सोमेश्वराच्या पाकशाळेत तिखटपणा होता तो मिऱ्याचा. म्हणजे ताटातली भाकरी जुनी आणि चटणी नवी. यानं चटणीची चव कमी होत नाही. उलट लिहिणाऱ्याला एक गोष्ट मिळते, की परकं बी आपल्या काळ्या मातीत इतकं कसं रुजलं?

जे ताट लिहिलं गेलं नाही

इथवर राजे आले, पंडित आले, शहरातल्या गृहिणी आल्या, साहित्यिक आले. गावकुसाबाहेरचं कुणी आलं का? आलं, पण पाककृतींच्या पुस्तकांतून नाही. ते आलं आत्मकथनांतून. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त, १९८४ साली, शेणातून ज्वारीचे दाणे वेचून, धुऊन, दळून भाकरी करण्याचा प्रसंग आहे. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये भूक पानापानावर आहे. वाचकांनी ही पुस्तकं दुःखाची म्हणून वाचली, आणि ती आहेतच. पण त्यांत अन्नाचा इतिहासही आहे, हे ओळखायला वेळ लागला.

२००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, दलित घरांतल्या अन्नाच्या आठवणी गोळा केल्या. 'हे ताट भारतीय नाही काय?' अशा अर्थाचं नाव त्या पुस्तकाला दिलं. प्रश्न सरळ होता. 'भारतीय जेवण' म्हणून जे छापलं जातं त्यात आमचं ताट का नाही?

आणि मग आपल्या मराठवाड्यातून एक पुस्तक आलं. शाहू पाटोळे, धाराशिव जिल्ह्यातले, केंद्र सरकारच्या माहिती सेवेत काम केलेले गृहस्थ. २०१५ साली त्यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं. जेवणाआधीच्या श्लोकातला 'पूर्णब्रह्म' हा शब्द त्यांनी उलटा केला. ज्यांना अन्न पुरलंच नाही त्यांच्यासाठी ते पूर्ण कसं? मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं त्यांनी पाककृतींसकट मांडलं. तेलतुपाची चैन नसलेली कालवणं, येसूर, मांस वाळवून ठेवलेल्या चान्या, रक्ती. २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि पुस्तक देशभर वाचलं गेलं.

आता 'मानसोल्लासा'तलं ते वाक्य आठवा. बाराव्या शतकात रक्त घालून केलेलं मांस राजाचा उपभोग म्हणून संस्कृतात नोंदलं गेलं. तसाच पदार्थ मराठवाड्याच्या वस्तीत शिजत राहिला आणि खाणाऱ्याला शरमेनं मान खाली घालावी लागली. पदार्थात फार फरक नव्हता. फरक होता तो लेखणी कुणाच्या घरी होती यात. पाटोळे लिहायला बसले, तेव्हा छापील मराठीत त्या ताटाला त्याच्या स्वतःच्या घरातून साक्षीदार मिळाला.

मग दिंद्रुडात बसून काय लिहायचं?

आता आपल्याकडे येऊ. बीड जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन टोळ्या निघतात. फडाजवळ कोपी पडते. पहाटे, अंधार असतानाच, बाई तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापते आणि मग कोयता घेऊन फडात जाते. ज्या उसापासून साखर होते, जी साखर 'रुचिरा'तल्या कितीतरी गोड पदार्थांत आहे, ती तोडणाऱ्या बाईच्या फडक्यात काय बांधलेलं असतं? भाकरीचं पीठ घरून किती नेलं जातं, ते कधी संपतं? ओलं सरपण असेल तर काय करतात? आधी कोण जेवतं, शेवटी कोण? 'कोपीवरचं जेवण' हे पुस्तक लिहायला पुण्याच्या माणसाला दहा हंगाम लागतील. तुमच्यापैकी कुणाला ते आपल्या आईला विचारून सुरू करता येईल.

दुसरा विषय त्याहून घाईचा आहे. १९७२चा दुष्काळ. खडी फोडायच्या कामावर मिळालेली सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो. त्या भाकरीची चव कशी होती, ती थापताना तुटायची का, लेकरं ती खायची का? ज्या बाईनं वीस वर्षांची असताना ती भाकरी केली, ती आज सत्तरी ओलांडून गेली आहे. सरकारी कागदांत धान्याचे आकडे सापडतील, भाकरी तुटायची का ते सापडणार नाही. ते फक्त तिला ठाऊक आहे. आणखी दहा वर्षांनी विचारायला गेलो तर उत्तर द्यायला कुणी असेलच असं नाही.

तिसरा विषय ज्वारीचा. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं म्हणून साजरं केलं आणि शहरात ज्वारीवर रकानेच्या रकाने लिहून आले. ज्वारी पौष्टिक आहे, खरं आहे. पण आपल्याकडे गव्हाची पोळी सणाला आणि भाकरी रोजची, हे कुणी हौसेनं ठरवलं नव्हतं. आणि शहरात ज्वारीला भाव आला तेव्हा आपल्या रानांत ज्वारी कमी होऊन सोयाबीन आणि कापूस वाढला होता. हुरड्याला कुठलं वाण चांगलं, पाथरीची भाजी शाळूच्या रानात कशी उगवते, तणनाशक आल्यावर ती कुठं गेली, हुलग्याचं माडगं आजारी माणसाला का देतात, हे लिहायला रानात पाय लागलेला माणूस पाहिजे.

हे लिहिताना तीन पथ्यं पाळावीत, असं आम्ही सुचवू. एक, कमलाबाईंसारखं मोजून लिहा. 'अंदाजानं मीठ' हे घरात चालतं, कागदावर चालत नाही. आजीच्या मुठीत किती पीठ बसतं ते एकदा वजन करून बघा. दोन, गोड्यांसारखं विचारून लिहा. हा पदार्थ घरात कधीपासून आहे, कुणी आणला, त्याआधी काय होतं? तीन, ज्या बाईची पाककृती, तिची परवानगी घ्या आणि तिनं हो म्हटलं तर तिचं नाव छापा. शेकडो वर्षं कांडणारीचं गाणं घेतलं गेलं आणि नाव राहून गेलं, तेच आपण पुन्हा करायचं का? भुकेबद्दल लिहिताना तर जास्त जपायला हवं. कुणाच्या उपासमारीला 'गावरान चव' म्हणून विकू नये.

राहता राहिला पोटाचा प्रश्न. खरं ते सांगतो. आज आपण ज्यांची नावं घेतली त्यांच्याकडे एकदा बघा. सोमेश्वर राज्य करत होता. गोडे हस्तलिखितं सांभाळत होते. दुर्गाबाई लोकसाहित्याचा अभ्यास करत होत्या. पाटोळे सरकारी नोकरीत होते. अन्नावरचं लेखन त्यांच्या दुसऱ्या कामाच्या कडेकडेनं वाढलं, बांधावर तूर वाढते तसं. तेव्हा पहिल्याच वर्षी यावर घर चालेल अशी आशा धरू नये. शेती, शिकवणी, दुकान, जे चालू आहे ते चालू ठेवावं. पण दारं पूर्वीपेक्षा जास्त उघडी आहेत हेही तितकंच खरं. अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, आपल्याला 'आपली आजी' म्हणून माहीत असलेल्या. सत्तरीच्या घरात असताना, २०२० साली, नातवाच्या मदतीनं त्यांनी पाककृतींचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली आणि लाखो लोकांनी ते पाहिले. त्यांना छापखाना लागला नाही, दरबार लागला नाही. सांगणारी आजी आणि टिपणारा नातू, एवढी जोडी पुरली. अशी जोडी दिंद्रुडात घरोघरी आहे.

फक्त एक करा. व्हिडिओ काढलात तरी शेजारी वही ठेवा. पडद्यावर कृती दिसते. भाव, साल, धान्याचं वाण, ते रान कुणाचं, हे शब्दांतच टिकतं. येत्या हंगामात टोळ्या निघायच्या आधी एका बाईला, आणि बाहत्तरचा दुष्काळ पाहिलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला, तासभर बसून विचारा. दोन पानं झाली तरी पुरे. बोली आपलीच ठेवा; 'कालवण' खोडून 'ग्रेव्ही' करू नका. ती दोन पानं जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला पाठवा, एखाद्या दिवाळी अंकाला पाठवा, नाही छापली तर जपून ठेवा. गोडे ज्या कागदांतून जिलबी शोधत होते, तेही कुणीतरी जपूनच ठेवलेले होते.

आम्ही इथं थांबतो. उरलेला वेळ तुमच्या प्रश्नांसाठी ठेवू, आणि ज्यांच्याकडे येसूर घरी कुटतात त्यांनी आधी हात वर करावा. आम्हाला प्रमाण लिहून घ्यायचं आहे.